आधी मॉनिटर, मग मशीन

‘दहावीला नव्वद टक्के मिळव, कॉम्प्युटर घेऊन देतो...’ असं वचन देताना वडिलांच्या डोळ्यांसमोर तीस-चाळीस हजारांचं यंत्र असतं. निकाल लागतो आणि चिरंजीव (हल्ली कन्यारत्नही) एक कागद पुढे करतात. त्यावर नऊ-दहा ओळी, सगळी अगम्य अक्षरं आणि आकडे, आणि खाली बेरीज : दोन लाखांच्या वर! ‘अरे, एवढ्यात तर दोन स्कूटर येतील,’ ही आईची पहिली प्रतिक्रिया. ‘पण मला गेमिंगसाठी हवाय ना,’ हे त्यावरचं उत्तर. मग घरात आठवडाभर अबोला.

यादी करणारा मुलगा अगदीच चुकलेला नसतो. गेमिंगचा कॉम्प्युटर तयार घेण्यापेक्षा एकेक भाग निवडून असेंबल करून घेणं बहुतेकदा फायद्याचंच. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. तीन वर्षांनी नवं ग्राफिक्स कार्ड घातलं की तेच यंत्र पुन्हा तरुण होतं. घोळ असतो तो यादीच्या क्रमात. सगळ्यात वर महागडं ग्राफिक्स कार्ड, त्याखाली काचेचं, रंगीबेरंगी दिव्यांचं कॅबिनेट, आणि उरलेल्या पैशांत मॉनिटर आणि एसएमपीएस. म्हणजे लग्नात बँडवर उधळपट्टी आणि पंगतीत काटकसर!

क्रम उलटा हवा. आधी मॉनिटर ठरवायचा, कारण ग्राफिक्स कार्डाला किती मेहनत करावी लागणार हे मॉनिटरच ठरवतो. पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. फुल एचडी मॉनिटरवर हे ठिपके असतात सुमारे २१ लाख. त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे दुकानदार ज्याला ‘टू-के’ किंवा ‘क्यूएचडी’ म्हणतो त्यावर, ३७ लाख. आणि ‘फोर-के’वर ८३ लाख, फुल एचडीच्या बरोबर चौपट! ही सगळी रांगोळी सेकंदाला साठ, शंभर, दीडशे वेळा पुसून नव्यानं काढायची असते. फोर-के मॉनिटर आणि मध्यम कार्ड अशी जोडी जमवली की खेळ अडखळतो. उलट तगडं कार्ड आणि जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर, तर कार्डाची निम्मी ताकद डोळ्यांपर्यंत पोचतच नाही.

हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२ मिलिसेकंदांनी. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलं की जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, पण १४४ वरून २४० ला जाऊन तिनाच्याही आत. पहिली उडी कुणालाही डोळ्यांनी जाणवते. दुसरीसाठी जादा पैसे मोजायचे ते स्पर्धेत उतरणाऱ्यानं. घरच्या वापराला २७ इंची, क्यूएचडी, १४४ ते १८० हर्ट्झचा आयपीएस पडद्याचा मॉनिटर हा आजही सगळ्यात शहाणा सौदा. ओएलईडी पडद्यावरचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, बघणारा हरखून जातो. पण त्याच पडद्यावर वडील दिवसभर ऑफिसचे तक्ते उघडे ठेवणार असतील, तर न हलणाऱ्या चित्राचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो. अजून मोठा पडदा हवा असणाऱ्यांना एक दिलासा : ३२ इंचांवरच्या मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला.

यानंतरचा प्रश्न पालकांनीच विचारावा : ‘तू खेळणार काय?’ ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ हे उत्तर आलं तर अर्धी यादी आपोआप गळते. हे खेळ मध्यम कार्डावर झकास चालतात. त्यांत वेग लागतो तो प्रोसेसरचा. ‘सायबरपंक २०७७’ किंवा ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’सारखे सिनेमाच्या तोडीच्या चित्रांचे खेळ खेळायचे असतील, तर मात्र पैसे ग्राफिक्स कार्डातच घालावे लागतात.

आणि इथेच जाहिरातींची भुरळ सुरू होते. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडिया कंपनीनं ५०-मालिकेतली कार्डं जाहीर केली तेव्हा ५४९ डॉलरचं ‘५०७०’ हे आधीच्या १,५९९ डॉलरच्या ‘४०९०’ची बरोबरी करील, असं व्यासपीठावरून सांगण्यात आलं. गोम अशी की ही बरोबरी होती ती कार्डानं आपल्या अंदाजानं मध्ये घातलेली चित्रं धरून. ही कार्डं तेव्हा एका खऱ्या चित्रामागे तीनपर्यंत ‘कल्पित’ चित्रं घालू शकत होती. दिसायला चलन गुळगुळीत होतं, पण माउस हलवल्यावर खेळाचा प्रतिसाद खऱ्या चित्रांच्याच वेगानं येतो. तेव्हा फ्रेम्सचा आकडा कुणी तोंडावर फेकला की ‘यांतल्या खऱ्या किती?’ असं बेधडक विचारावं.

नावांचा घोळ वेगळाच. ‘५०६० टीआय’ याच नावाचं कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत विकलं जातं. नव्या खेळांना ८ जीबी कमी पडू लागले आहेत, त्यामुळे चार-पाच वर्षं वापरायचं यंत्र असेल तर १६ जीबीच्या खाली उतरू नये. क्यूएचडी मॉनिटरसाठी एनव्हिडियाचं ‘५०७० टीआय’ किंवा एएमडीचं ‘९०७० एक्सटी’ भरपूर झालं. दोन्हीत १६ जीबी मेमरी आहे. सर्वांत वरचं ‘५०९०’ भारतात २,१४,००० रुपयांना जाहीर झालं. नुसतं कार्ड, बाकी यंत्र वेगळं! ज्याचं पोट या यंत्रावर चालतं, त्यानं त्याचा विचार करावा.

प्रोसेसरमध्ये खेळासाठी सध्या एएमडीच्या नावापुढे ‘एक्सथ्रीडी’ लागलेल्या चिपांचा बोलबाला आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘९८००एक्सथ्रीडी’मध्ये ९६ एमबी कॅशे मेमरी आहे. प्रोसेसरला वारंवार लागणारी माहिती हाताशी राहते, रॅमपर्यंत हेलपाटे मारावे लागत नाहीत. मात्र फोर-केवर सगळा भार कार्डावर पडतो आणि स्वस्त आणि महाग प्रोसेसरमधला फरक बराच मिटतो. तिथे वाचलेले पैसे कार्डाकडे वळवावेत. रॅम ३२ जीबी, एका पट्टीत नव्हे, १६-१६ च्या दोन पट्ट्यांत, म्हणजे वेग मिळतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटर्सनी कारखान्यांतली मेमरी उचलायला सुरुवात केली. म्हणून जुन्या व्हिडिओतले दर पाहून हिशेब मांडू नये. एसएसडी एक टीबीची, मदरबोर्ड प्रोसेसरला जुळणारा आणि मधल्या किमतीचा. यात फार डोकं घालण्यासारखं काही नाही.

डोकं घालायचं ते एसएमपीएसमध्ये! भिंतीतली वीज यंत्राला पचेल अशी करून देणारा हा डबा. व्हिडिओत त्याच्यावर अर्धं मिनिटही कुणी बोलत नाही आणि दुकानात तो कधीकधी कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळतो. असा डबा जळताना एकटा जळेलच असं नाही, कार्ड आणि मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. ‘एटी प्लस गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, सुरक्षिततेची ग्वाही देत नाही. म्हणून नावाजलेली कंपनी आणि हमीची लांब मुदत पाहावी. पाच वर्षांहून कमी हमीचा घेऊ नये. ‘५०७० टीआय’ एकटं ३०० वॅट ओढतं, त्याच्यासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे. ‘५०९०’ ५७५ वॅट ओढतं, तिथे हजार वॅट. या कार्डांचा १६ पिनांचा जोड नीट, शेवटपर्यंत बसलाय ना हे डोळ्यांनी बघावं. २०२२ मध्ये ‘४०९०’ कार्डांचे जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्यामागे अर्धवट बसवलेली पिन हे एक कारण निघालं.

बरं, चांगला एसएमपीएस घेतला आणि घरात अर्थिंगच नसलं तर? कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर खेळ थांबवून आधी वायरमनला बोलवावं. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. या एका कामाचा खर्च यादीत कुणी धरत नाही. तीच गत यूपीएसची. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. खेळ रंगात असताना वीज गेली तर तोही मान टाकतो. या यंत्रासाठी मोठा आणि शक्यतो साइन वेव्हचा यूपीएस लागतो.

उष्णतेचंही तसंच. यंत्रानं ओढलेले पाचशे वॅट शेवटी खोलीतच उष्णता होऊन उतरतात. मे महिन्यात नागपूर-जळगावकडच्या खोलीत ही शेगडी पेटवल्यासारखीच! समोरून जाळीचं कॅबिनेट घ्यावं, दर्शनी काचेचं नको. ते टेबलाच्या कपाटात कोंडू नये आणि दर दोन-तीन महिन्यांनी धूळ काढावी. विजेचा हिशेबही आधीच सांगून टाकावा. रोज चार तास खेळलं तर दोन युनिट, महिन्याला साठ. युनिटमागे दहा रुपये धरले तर सहाशे रुपये. त्यातून वापर ३०० युनिटांच्या पलीकडे गेला तर वरच्या युनिटांना महावितरणचा पुढच्या टप्प्याचा दर लागतो.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एसपी रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. एकच यादी तीन दुकानांत देऊन लेखी कोटेशन घ्यावं. भाव कमी दिसला तर कुठला भाग बदललाय ते पाहावं. ‘बिल नको, अठरा टक्के वाचतील’ या प्रस्तावाला ठाम नकार द्यावा, कारण बिलाशिवाय हमी नाही. खोक्यावर आयात करणाऱ्या कंपनीचं नाव आणि एमआरपीचं लेबल नसेल तर तो माल बाहेरून परस्पर आलेला असतो, आणि त्याची हमी भारतात चालेलच असं नाही. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा.

यंत्र जोडून झालं की तीन गोष्टी तपासायच्या. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावलीय ना? विंडोजमध्ये मॉनिटरचा वेग ६० वर अडकलेला नाही ना? आणि बायोसमध्ये रॅमचा पूर्ण वेग चालू केलाय ना? हे राहून गेलं तर दोन लाखांचं यंत्र साठ हजारांच्या यंत्रासारखं चालतं, आणि घरी कुणाला कळतही नाही. तिन्ही गोष्टी दुकानातच, शेवटचे पैसे देण्याआधी, समोर करून घ्याव्यात. पंधरा मिनिटं लागतात.