आधी चढावे की कमी उभे राहावे?

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझचे तिकीट काढताना एक प्रश्न हमखास पुढे येतो : जादा पैसे भरून ‘प्रायॉरिटी बोर्डिंग’ घ्यावे काय? आईवडिलांसाठी हात आखडता घेऊ नये, असे मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. तरीही या पैशांत नेमके काय मिळते, हे आधी पाहावे.

रांग लहान होते, हे खरे. पण सुरक्षा तपासणी कोणालाच चुकत नाही. आणि लवकर चढलात तरी केबिन बहुधा दुपारीच हाती येते. तोवर पाठ टेकायला पलंग नसतो.

म्हणून कंपनीला आधी विचारा : केबिन किती वाजता मिळेल? व्हीलचेअरची मदत मिळेल काय? पूर्वसूचना दिल्यास ती अनेकदा विनाशुल्क मिळते व रांगेत तिष्ठावे लागत नाही. गुडघे दुखत असतील, तर ती घेण्यात कमीपणा कसला? व्हीलचेअर नको असेल आणि उभे राहणे मात्र झेपत नसेल, तर जादा पैसे निःशंकपणे भरावेत. अन्यथा लिफ्टजवळची केबिन मागावी. तिचा उपयोग सबंध प्रवासात होतो.

औषधे, इन्सुलिन आणि थोडा खाऊ हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठे सामान केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते. आणि हो, निर्णयाआधी ज्येष्ठांनाच विचारा : “किती वेळ उभे राहवेल?” त्यांचे उत्तर हाच खरा निकष.