मागून येणारा सप्पळ

गाडी जुनी झाली की तिला कंठ फुटतो. पुढच्या बाजूचे बरेचसे आवाज इंजिनच्या आवाजात मिसळून जातात. मागचा आवाज मात्र लपत नाही. तो थेट मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या कानाशी येतो. आणि आपल्या घरांत मागच्या सीटवर कोण बसते? वडीलधारी मंडळी आणि मुले. म्हणून मागचा आवाज हा नुसता गाडीचा प्रश्न राहत नाही, घराचा होऊन बसतो.

आमच्याकडे तसेच झाले. गाडी छोटी, तेरा वर्षांची. सासूबाईंना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो. त्यांचे वय शहात्तर. धाकटी बहीण धारवाडला असते, तिला भेटायला महिन्यातल्या एका रविवारी आम्ही अव्वांना घेऊन जातो. पावसाळा संपता संपता त्या म्हणू लागल्या, "हिंद सप्पळ बराकत्तैति." आम्ही रस्त्याला दोष दिला. पुढे दोन महिने अव्वांनी धारवाडचे नावच काढले नाही. कधी गुडघे दुखत, कधी ऊन सोसत नसे. शेवटी नातीजवळ त्या मोकळेपणाने बोलल्या, की मागचे चाक निखळेल अशी भीती वाटते. एका आवाजापायी दोन म्हाताऱ्या बहिणींची भेट थांबली होती.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथे कोणी चक्कर मारून आवाज ऐकला नाही. मागचे दोन्ही शॉकअप, स्प्रिंगा आणि सगळे रबर बुश बदला, साडेअकरा हजार होतील, असे सांगण्यात आले. लेकीची कॉलेजची फी भरायचा नेमका तोच महिना. यजमान म्हणाले, "अव्वांचा प्रश्न आहे, बदलून टाकू." मी म्हटले, बदलू की, पण आधी आवाज कुठून येतो ते तर कळू दे.

मी मराठी शिकवते, यंत्रे नाही. पण या कामात आधी भाषाच उपयोगी पडली. मराठी व्याकरणात अनुकरणवाचक शब्द आहेत, कन्नडमध्ये त्यांना अनुकरणाव्यय म्हणतात. खडखड, टकटक, कुरकुर, धप्प हे ते शब्द. दोन भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत तर असे शब्द दुप्पट. "गाडी आवाज करते" एवढेच सांगितले तर मेकॅनिकला काही कळत नाही. पण नेमका शब्द सापडला की निम्मा रोग सापडतो.

खडखड म्हणजे काहीतरी सुटे आहे. बारीक खडीच्या रस्त्यावर ती जास्त ऐकू येते. डिकीतला जॅक, पाने, नीट न आवळलेली स्टेपनी, डिकीवरचा ट्रे, नंबर प्लेट किंवा सायलेन्सरवरचा पत्रा यांपैकी कोणीतरी दोषी असतो. टकटक म्हणजे जोडात फट पडली आहे. जिथे रबराने धक्का झेलायचा तिथे रबर झिजून लोखंडावर लोखंड आदळते. हा आवाज छोट्या छोट्या खड्ड्यांवर, हळू चालवतानाही येतो. कुरकुर म्हणजे वाळलेले रबर. गतिरोधक सावकाश ओलांडताना ती हमखास ऐकू येते. गाडी भरलेली असताना मोठ्या खड्ड्यात धप्प असा एकच आवाज येतो, कन्नडमध्ये धोप्प. तेव्हा मागचा भाग शेवटपर्यंत दबून टेकलेला असतो. ओझे जास्त झाले असेल, नाहीतर स्प्रिंग बसली असेल किंवा शॉकअप थकला असेल. पाचवा आवाज घरघरीचा, वेगाबरोबर वाढणारा. तो बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो. त्याला घरगुती उपाय नाही, गाडी सरळ मेकॅनिककडे न्यावी.

शब्द सापडला की शोध सुरू करायचा आणि तो फुकट कामापासून सुरू करायचा. आम्ही प्रथम डिकी रिकामी केली. जॅक, पाने, ट्रे, पाण्याच्या बाटल्या, दिवाळीपासून पडलेले आकाशकंदिलाचे खोकेसुद्धा बाहेर आले. स्टेपनी काढून ठेवली. मग काचा वर करून, रेडिओ बंद करून, आमच्या गल्लीतला तोच गतिरोधक त्याच वेगाने चार वेळा ओलांडला. आवाज होताच. म्हणजे डिकी सुटली.

मग सायलेन्सर. तो रबरी कड्यांनी गाडीखाली टांगलेला असतो. ही कडी तुटली की तो खालच्या लोखंडावर आपटतो आणि आवाज थेट शॉकअपसारखा येतो. इंजिन पूर्ण थंड असताना जाड फडके हातात घेऊन सायलेन्सर हलवून पाहायचा. आमची कडी शाबूत होती.

तिसरी तपासणी बाजूची. रस्त्याच्या कडेला उंचवटा पाहून आधी फक्त डावे आणि मग फक्त उजवे मागचे चाक त्यावरून न्यायचे. कान देणारा माणूस मागच्या सीटवर हवा, कारण चालवणाऱ्याला बाजू कळत नाही. आमच्याकडे या कामाला अव्वांहून चांगले कोण मिळणार? "अंगणातून कोपऱ्यापर्यंतच," असे वचन घेऊन त्या बसल्या. दुसऱ्याच फेरीला म्हणाल्या, "एडक्क!" तिसऱ्या फेरीलाही "एडक्क." डावी बाजू नक्की झाली. त्याच वेळी ब्रेक हलकेच दाबून तो उंचवटा पुन्हा ओलांडावा. आवाज बदलला किंवा थांबला तर संशय ब्रेकच्या भागांवर जातो. आमचा आवाज तसाच राहिला.

आता शॉकअप. स्प्रिंग गाडीचा भार पेलते, आणि शॉकअप त्या स्प्रिंगचे नाचणे थांबवतो. गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी जोराने दाबून सोडावा. तो वर येऊन जागेवर स्थिरावला तर शॉकअप ठीक आहे. दोन-तीन वेळा वरखाली होत राहिला तर शॉकअप थकला. शॉकअपच्या नळीवर नुसती धूळ बसलेली असेल किंवा किंचित तेलकटपणा असेल तर घाबरू नये. तेलाने ओला झालेला, थेंब सुटणारा शॉकअप मात्र गेलाच. आमचे दोन्ही शॉकअप कोरडे होते आणि कोपरा एका उसळीत बसत होता. म्हणजे साडेअकरा हजारांतला मोठा हिस्सा इथेच वाचला.

शेवटची तपासणी हाताची. डिकीत बाजूचे प्लास्टिकचे झाकण काढले की शॉकअपच्या वरच्या टोकाचा नट दिसतो. यजमान बाहेरून गाडी दाबू लागले आणि मी तळहात त्या नटावर ठेवला. उजवीकडे काहीच जाणवले नाही. डावीकडे प्रत्येक दाबाला तळहाताला टक् असा ठोका लागत होता. कान फसतो, कारण पत्र्यातून आवाज कुठूनही कुठे जातो. हात सहसा फसत नाही.

पुढचे वाचण्याआधी एक इशारा. आमच्या गाडीत मागची स्प्रिंग वेगळी आहे आणि शॉकअप वेगळा. काही गाड्यांत स्प्रिंग शॉकअपभोवतीच गुंडाळलेली असते आणि वरचा मधला नट त्या दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो. अशा गाडीत तो नट घरी कधीही सोडू नये. स्प्रिंग सुटून जीवघेणी दुखापत होऊ शकते. खाली वाकून स्प्रिंग कुठे आहे ते पाहावे, आणि खात्री नसेल तर काम तिथेच थांबवावे.

आमच्या गाडीला जॅकही लावावा लागला नाही. ती चारही चाकांवर सपाट अंगणात उभी होती. नटावर गंज सोडवणारे तेल टाकून पंधरा मिनिटे थांबलो. नटाबरोबर आतला दांडाही फिरतो, म्हणून त्याचे टोक एका पान्याने धरून दुसऱ्याने नट सोडवला. वरचे वॉशर आणि रबर बुश बाहेर आले. बुश एका बाजूने चपटे होऊन चिरले होते. दांडा हाताने खाली दाबला आणि चाकाच्या वरच्या मोकळ्या जागेतून हात घालून खालचे बुश काढले. तेही तसेच. हाताच्या मुठीत मावणारी रबराची ही दोन चकत्या अव्वांचे धारवाड अडवून बसली होती.

जुने बुश नमुन्याला घेऊन स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेले. दोन्ही बाजूंचे बुश आणि नवे नट मिळून ३२० रुपये झाले. उजवीकडचे बुश अजून बरे होते, पण वय दोघांचेही सारखेच, म्हणून दोन्ही बाजू बदलल्या. नट किती आवळायचा त्याची खूण अशी, की रबर दबून वॉशरच्या काठाइतके फुगले की थांबायचे. जास्त आवळले तर रबर लवकर चिरते, कमी आवळले तर टकटक पुन्हा येते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असेल तर तोच पाळावा. सगळे काम दीड तासात झाले. पुढच्या रविवारी अव्वा कित्तूरपर्यंत कान देऊन बसल्या आणि मग त्यांचा डोळा लागला. धारवाडला बहिणीच्या दारात त्यांना उठवावे लागले.

प्रत्येक वेळी काम इतके स्वस्तात होईल असे नाही. कुरकुर असेल तर संशय असलेल्या एकेका बुशवर पाणी शिंपडून गाडी दाबून पाहावी. ज्यावर पाणी टाकल्यावर आवाज तेवढ्यापुरता थांबतो, ते बुश दोषी. पण त्याला इंजिन ऑइल, डिझेल किंवा ग्रीस लावू नये. त्याने रबर फुगते आणि खराब होते. रबराला चालणारा सिलिकॉनचा फवारा मिळतो, तोही तात्पुरता. मागच्या अ‍ॅक्सलचे मोठे बुश बदलायचे तर गॅरेजच बरे. तिथे मात्र एक आठवण द्यावी, की त्यांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचा भार चाकांवर असू द्या. चाके लोंबकळत असताना आवळलेले बुश गाडी खाली येताच पिळले जाते आणि लवकर फाटते.

गाडी उचलावी लागलीच तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. बहुतेक छोट्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची चाके उचलली की तो निरुपयोगी. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा किंवा ठोकळे लावावेत, गाडी गिअरमध्ये ठेवावी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. भक्कम स्टँड नसेल तर ते काम आपले नाही.

आणि शॉकअप खरोखर गेले असतील तर पैशाकडे पाहू नये. थकलेल्या शॉकअपमुळे चाक रस्त्याला धरून राहत नाही आणि ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर जाऊन थांबते. ते जोडीनेच बदलावेत. मात्र गॅरेजवाल्याला बरोबर घेऊन चक्कर मारावी, आवाज ऐकवावा, आणि कोणता भाग, कोणत्या बाजूचा, कशावरून ठरवला, हे विचारावे. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही, उलट गाडीखाली वाकून दाखवतो.

आपल्याकडचा पावसाळा रस्ते आणि गाड्या दोन्ही खिळखिळे करून जातो. पाऊस सरला की एखाद्या रविवारी सकाळी डिकी रिकामी करा, चारही कोपरे दाबून पाहा आणि मागच्या सीटवर घरातल्या सर्वांत वडील माणसाला बसवून एक चक्कर मारा. काय ऐकू येते ते त्यांनाच विचारा, मराठीत किंवा कन्नडमध्ये.