शून्य मोजणारी प्रयोगशाळा

होडीत बसून होडीचीच कड आतून ढकलली तर होडी पुढे जाईल का? जाणार नाही, हे न्यूटनचा तिसरा नियम शिकण्याआधीच तुम्हांला ठाऊक असते. पुढे जायचे तर वल्ह्याने पाणी मागे लोटावे लागते. अवकाशात लोटायला पाणीही नाही आणि हवाही नाही. म्हणून अग्निबाण आपल्याबरोबर नेलेले इंधन जाळतो आणि तप्त वायू मागे फेकतो. त्याच्या वजनाचा बहुतेक भाग हे फेकायचे द्रव्यच असते. काहीही न फेकता पुढे सरकणारे यंत्र कोणी केले, तर दूरच्या ग्रहांचा प्रवास केवढा सोपा होईल!

असे यंत्र साधल्याचा दावा रॉजर शॉयर या ब्रिटिश अभियंत्याने २००१ च्या सुमारास केला. 'एम-ड्राइव्ह' हे त्याचे नाव. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळते असे तांब्याचे बंद भांडे, आणि त्यात स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीत असतात तशा लहरी, एवढीच त्याची रचना. लहरी आतल्या आत आपटत राहतात आणि भांडे एका दिशेला ढकलले जाते, असे म्हणणे. म्हणजे होडीची कड आतून ढकलण्याचाच प्रकार! हे खरे मानले तर संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम सोडून द्यावा लागेल. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी तिकडे लक्षही दिले नाही.

पण २०१६ मध्ये 'नासा'च्या ह्यूस्टन येथील एका गटाने निर्वात कक्षात मोजमापे घेतली आणि दर किलोवॉटला १.२ मिलिन्यूटन रेटा मिळाल्याचे एका मान्यवर शोधपत्रिकेत छापले. तुलनेसाठी सांगतो. साध्या विजेरीच्या झोतामुळेही विजेरीला उलट दिशेने अतिसूक्ष्म रेटा बसतो. प्रकाशाचा एक किलोवॉटचा झोत ३.३ मायक्रोन्यूटन रेटा देतो. नासाच्या गटाचा आकडा त्याच्या सुमारे ३६० पट होता! वर्तमानपत्रांना तर पर्वणीच मिळाली.

आता जर्मनीतील ड्रेस्डेनला चला. तेथील तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक मार्टिन टायमार यांचा गट अवकाशयानांच्या प्रणोदनावर संशोधन करतो. २०१५ पासून हा गट एम-ड्राइव्हच्या मागे लागला होता. निर्वात कक्षात पीळ-तराजूवर यंत्र बसवायचे आणि तराजूची दांडी किती वळते ते पाहायचे, ही त्यांची पद्धत. २०१८ मध्ये त्यांना सुमारे ४ मायक्रोन्यूटनचा रेटा दिसला. खसखशीच्या एखाद-दुसऱ्या दाण्याच्या वजनाएवढा म्हणा ना. दुसऱ्या कोणी इथेच पेढे वाटले असते.

त्यांनी काय केले? भांड्यात जाणारी शक्ती वाटेतच अडवून दहा हजारांश केली. लहरी जवळपास नाहीशाच झाल्या, तर रेटाही जायला हवा. तो होता तसाच राहिला! म्हणजे ढकलणारे जे काही होते ते भांड्यात नव्हतेच. मग संशय कशाचा? अॅम्प्लिफायरला वीज पुरवणाऱ्या तारेचा. बारावीचे सूत्र घ्या: बल म्हणजे चुंबकीय क्षेत्र, विद्युत्प्रवाह आणि तारेची लांबी यांचा गुणाकार. तिथले पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४८ मायक्रोटेस्ला, प्रवाह २ अँपिअर आणि उघडी तार ४ सेंटिमीटर धरा. उत्तर येते ३.८४ मायक्रोन्यूटन. कागदावर करूनच पाहा.

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. नासाच्या गटाने वापरली तशीच मांडणी त्यांनी उभारली. २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: वीज सुरू केली की यंत्र तापते, त्याला धरून ठेवणारे भाग प्रसरण पावून किंचित वाकतात आणि तराजूचे शून्यच सरकते. यंत्र टांगण्याची रीत सुधारली, तसा रेटा नाहीसा झाला. उरला असलाच, तर तो प्रकाशाच्या दाबापेक्षाही कमी.

जे होणार नाही हे न्यूटनपासून माहीत आहे, त्यावर सहा वर्षे आणि विद्यापीठाचा पैसा कशाला घालवला, असा प्रश्न मला वर्गात विचारला जातो. विचारणाऱ्यांत हुशार मुले अधिक असतात. मला हा प्रश्न पटत नाही. नियम 'नाही' म्हणत होता आणि तराजू 'हो' म्हणत होता. अशा वेळी नुसते नियमाकडे बोट दाखवून तराजूचे समाधान होत नाही. तो 'हो' कुठून आला हे सापडावे लागते. प्रत्येक चमत्काराच्या मागे असे धावावे असे मी म्हणणार नाही, तेवढे आयुष्य कोणाला आहे? पण शोधपत्रिकेत आकड्यांसह छापलेल्या मोजमापाला उत्तर मोजमापानेच द्यायला हवे. आणि ते काम विद्यापीठांनीच करावे, कारण कोणत्याही कारखान्याला शून्य विकून नफा होत नाही.

आपल्या प्रयोगवह्या तपासताना मला ड्रेस्डेनची हटकून आठवण होते. साध्या लंबकाच्या प्रयोगात 'जी'चे मूल्य सगळ्यांचे ९७८ ते ९८२ च्या आत! पाठीमागच्या कच्च्या पानावर मात्र ९५० खोडलेले दिसते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता हुकापर्यंतच मोजली असेल, तर ९५० येणारच. हे शोधून लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत आणि जुळवून आणलेल्या ९८० चे कापावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षक मंडळींना ते रुचत नाही, हेही सांगून टाकतो.

असो. टायमार यांचा गट नुसते शून्यच मोजत बसला, असा मात्र समज करून घेऊ नका. गॅलियम हा धातू सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळतो. त्याचे आयन प्रबळ विद्युत्क्षेत्राने मागे फेकणारे चिमुकले प्रणोदक याच गटाने तयार केले. वुर्झबुर्ग विद्यापीठाच्या 'यूडब्ल्यूई-४' या दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती उपग्रहावर ते बसवून डिसेंबर २०१८ मध्ये अवकाशात पाठवण्यात आले. त्यांचा रेटाही काही मायक्रोन्यूटनच, म्हणजे त्या तारेच्या खोट्या रेट्याच्याच मापाचा. २०२० मध्ये त्या रेट्याने उपग्रहाची कक्षा खाली आणली.