गरीची पेटी

मांडवी, झुआरी, शापोरा किंवा साळ, यांपैकी कोणत्याही नदीच्या काठच्या गावात जा. गरीचा नाद असलेला एखादा गृहस्थ तेथे भेटल्यावाचून राहत नाही. ग्रांथिक मराठीत ज्याला गळ म्हणतात, त्यालाच आमच्या गोव्यात गरी म्हणतात. हा नाद तसा निरुपद्रवी. त्यात पैसा फारसा जात नाही, वेळ मात्र पुष्कळ जातो. आणि काळुंदर किंवा तांबसो मिळाला तर घरातील मंडळीही वेळेचा हिशेब विचारीत नाहीत. तक्रार असते ती निराळीच. गऱ्या, तंगूस, शिशाच्या गोळ्या, बुचे, रिळे हा सारा संसार प्रथम एका डब्यात मावतो, मग दोन डबे होतात आणि पुढे गॅरेजमधील गाडीनेच अंग चोरून उभे राहावे अशी वेळ येते. या महिन्याच्या सदरात त्या पसाऱ्याविषयी लिहावे, असे मनात आले.

हा विषय क्षुल्लक वाटेल, पण त्याला कुळ मोठे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे, आणि कोणत्या माशाला कोणते आमिष घालावे याचाही विचार त्यात केलेला आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ जवळचा वाटतो, कारण त्यातील गीतविषयक भागात जुन्या मराठीचे नमुने आढळतात. गळाला संस्कृतात ‘बडिश’ असा शब्द आहे. सुश्रुताने शस्त्रक्रियेची जी वीस शस्त्रे सांगितली, त्यांतही एकाचे नाव बडिश असेच आहे. गरी हे शस्त्र आहे, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पेटी कशी असावी याचे निम्मे उत्तर मिळते. शस्त्र घरात कोठेही पडू देऊ नये.

आता उरलेले निम्मे. आमच्या किनारी हवेत पेटीचा खरा शत्रू अव्यवस्था नसून ओल हा आहे. खाडीचे पाणी खारट, आणि मीठ हवेतील दमटपणा ओढून घेते. म्हणून काठावरून आल्यावर ओली गरी तशीच पेटीत टाकणे म्हणजे एका आजारी मुलाला भरलेल्या वर्गात आणून बसविण्यासारखे आहे. एका गरीचा ओलावा बंद कप्प्यात कोंडतो आणि शेजारच्या कोऱ्या गऱ्यांनाही तांबेरा चढतो. वापरलेले सामान प्रथम गोड्या पाण्याने धुवावे, फडक्याने पुसावे, रात्रभर वाऱ्यावर ठेवावे आणि मगच आत घालावे. गऱ्या टोचून ठेवण्यासाठी पुष्कळजण स्पंजाचा तुकडा वापरतात. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून टाळावा. कोरडे बूच त्याहून बरे. ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी प्रत्येक कप्प्यात ठेवावी व पावसाळ्यात ती वरचेवर बदलावी.

सामान कोरडे झाले की वर्गवारी. गऱ्यांच्या क्रमांकांची रीत नवशिक्याला चकविते. साध्या क्रमांकांत आकडा वाढेल तशी गरी लहान होते, म्हणजे १० क्रमांकाची गरी ४ क्रमांकाच्या गरीहून लहान. परंतु आकड्यापुढे तिरकी रेघ व शून्य असेल तर क्रम उलटतो आणि १/० हून ४/० मोठी ठरते. काळुंदराचे तोंड लहान, चोणकाचे प्रशस्त. दोघांच्या गऱ्या एकाच कप्प्यात मिसळल्या तर संधिप्रकाशात चाचपडत बसावे लागते आणि बोटही टोचते. म्हणून कप्प्याच्या झाकणावर क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. रबरासारखी मऊ बनावट आमिषे मात्र मूळच्या पिशवीतच राहू द्यावीत. त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य काही जातींच्या कठीण प्लॅस्टिकला विरघळविते, आणि मग आमिष व पेटी यांचा एकच लगदा होतो.

पेटी गॅरेजमध्ये ठेवायची तर जागा पाहून ठेवावी. जमिनीवर ठेवू नये. पावसाळ्यात फरशीला पाझर फुटतो. पत्र्याच्या छपराच्या लगतही नको, तेथे उन्हाळ्यात भट्टी पेटते. तंगूस नायलॉनचा असतो. उन्हाने तो कमकुवत होतो आणि आम्लही त्याला सोसत नाही. तेव्हा खिडकीची तिरीप आणि गाडीची जुनी बॅटरी या दोहोंपासून त्याला दूर ठेवावे. पेट्रोल व रंगाचे डबे यांचा शेजारही नसावा, कारण माशाचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते आणि आमिषाला लागलेला परका वास त्याला कळतो. भिंतीवर मोठ्या माणसाच्या खांद्याहून उंच एक फळी, तिच्यावर कुलपाची पेटी, आणि बाजूला काठ्या आडव्या टेकविण्यासाठी लाकडी खुंट्यांच्या दोन जोड्या, एवढे पुरते. रिळाचा ताण ठेवताना सैल करावा.

कुलूप कशाला, असे कोणी विचारील. गरीच्या टोकापाशी उलटा काटा असतो. ती मांसात शिरली की आल्या वाटेने निघत नाही. मुलाच्या बोटात किंवा पापणीत गेली तर घरी ओढाओढ न करता डॉक्टरांकडेच न्यावे. दुसरे कारण शिसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांच्या शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. आणि आपल्याकडे काय चालते? मोकळ्या हातांनी गोळ्या हाताळायच्या, दातांनी दाबून तंगुसावर बसवायच्या, आणि त्याच हातांनी नातवाला चणे द्यायचे. ब्रिटनमध्ये हंस शिशाच्या गोळ्या गिळून मरू लागले, तेव्हा १९८७ पासून गळाच्या बहुतेक लहान शिशांच्या विक्रीवर बंदी आली. हंसांसाठी जे झाले, ते नातवंडांसाठी आपण आपल्या घरापुरते करू शकतो. शिसे निराळ्या झाकणाच्या डबीत ठेवावे, पकडीने दाबावे, आणि काम होताच हात साबणाने धुवावेत.

पेटीत आणखी एक रिकामी डबी हवी, तुटक्या तंगुसासाठी. काठावर टाकलेला तुकडा वर्षानुवर्षे कुजत नाही. तो बगळ्याच्या पायात, गुरांच्या पोटात नाहीतर समुद्रात वाहून कासवाच्या गळ्यात जातो. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे कासवे अंडी घालण्यास येतात, याचा आपण अभिमान सांगतो. तेव्हा ही डबी बाळगणे ओघानेच आले.

आमच्या परिचयातील एक निवृत्त गृहस्थ काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पेटीच्या झाकणात एक वही होती. तीत तिथी, उधाणाची भरती की भांगाची, आमिष कोणते आणि मासा कोणता, अशा नोंदी सुवाच्य अक्षरांत केलेल्या. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. त्यांच्या कन्येने आयुष्यात कधी गरी हातात धरली नव्हती, तरी तिला पेटी वाचता आली. आज तिचा मुलगा आजोबांच्याच गऱ्या घेऊन धक्क्यावर बसतो. अशा किती पेट्या कोणाला काहीच न उमगल्यामुळे भंगारवाल्याच्या तराजूत जातात, हे आपण पाहतोच. व्यवस्था आपल्या सोयीसाठी असते हे खरे. पण आपण नसताना पेटी उघडणाऱ्याला ती समजावी, ही तिची खरी कसोटी.

१ जून ते ३१ जुलै या दिवसांत गोव्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नद्या गढूळ होऊन फुगलेल्या असतात, आणि शहाण्या माणसाने त्या काळात निसरड्या काठावर जाऊही नये. पेटी रिकामी करून वर्तमानपत्रावर सारे मांडण्यास याहून चांगला काळ कोणता? गंजलेल्या गऱ्या जाड डब्यात बंद करून टाकाव्यात, चिठ्ठ्या नव्याने लिहाव्यात, आणि हे करताना घरातील एखाद्या जाणत्या मुलाला शेजारी बसवावे. श्रावण सरून पाणी निवळेपर्यंत त्याला क्रमांकांचा तो उलटा क्रम पाठ झालेला असेल.