किल्ली कुणाच्या हातात?

शेजारीण गावाला जाताना घराची किल्ली आपल्याकडे ठेवून जाते. म्हणून आपण तिचं कपाट उघडून बघतो का? मग मोबाईलमध्ये चुकून दुसरीचं दुकान उघडलं, तर आपली नीती का बदलावी?

नवं सिम घेतल्यावर मला हा अनुभव आला. विक्रीच्या एका अ‍ॅपमध्ये नंबर टाकला, ओटीपी आला अन् थेट कुणा अनोळखी बाईचं खातंच उघडलं. लोणच्या-पापडांच्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, येणं-देणं, सगळं समोर! नंबर पूर्वी तिचा होता. मी काही न चाळता बाहेर पडले आणि कंपनीच्या मदत केंद्राला कळवलं. आमच्या आंजीत (मोठी) हे सांगितलं, तेव्हा एकीनं विचारलं, "काहून कळवलं बाई? आपलं काय जाते?"

आपलंही जातं, मैत्रिणींनो! बंद झालेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असं ‘ट्राय’नं 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं. म्हणजे त्यानंतर तो दिला जाऊ शकतो. आज तिचा, उद्या आपला. आणि अप्रामाणिक हेतूनं दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 प्रमाणे गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. पापड लाटणार बाई, नंबर मात्र नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर बचत गटाच्या अध्यक्षबाईंचा. रिचार्ज राहून गेला किंवा मुलानं कार्ड बदललं, की वर्षानुवर्षं जोडलेली गिऱ्हाइकं गेलीच समजा. वर त्यांचे पत्ते परक्याच्या हाती.

म्हणून धंद्याचा नंबर स्वतःच्या नावावर घ्या. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या हिशेबासारखी. नंबर सोडण्याआधी बँक, यूपीआय, विक्रीचं अ‍ॅप, सगळीकडे नवा नंबर नोंदवा. सोय असेल तिथे ओटीपीशिवाय वेगळा पिनही ठेवा. गटाचं सिम कुणाकडे राहील, हे ठरावात लिहा. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करा.

सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली होती. आता सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे, हेही एकदा घरात विचारून बघा ना!