क्रमवारीचे गुण खेळाचे की प्रवासाचे?

खास प्रतिनिधी

डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे 124 किलोमीटर. एप्रिल 2013 पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. तरीही सकाळचा सामना मुंबईत खेळायचा, तर येथील मुलाला पहाटेच घर सोडावे लागते. तलासरीच्या मुलाला त्याआधी रस्त्याने रेल्वेस्थानक गाठावे लागते. टेनिस, बॅडमिंटन आणि महानगरांत नव्याने रुजणाऱ्या पॅडलमधील क्रमवारी न्याय्य आहे काय, या प्रश्नाचा विचार या अंतरापासूनच सुरू करावा लागेल.

जागतिक बॅडमिंटन क्रमवारीत 52 आठवड्यांतील सर्वोत्तम 10 स्पर्धांच्या गुणांची बेरीज होते. बेरजेचा हा हिशेब वरकरणी निःपक्षपाती वाटतो. मात्र समजा, एकाने 10 स्पर्धांत प्रत्येकी 30 गुण मिळवले आणि दुसऱ्याने 4 स्पर्धांत प्रत्येकी 60. पहिल्याचे 300, तर दुसऱ्याचे 240. सरस खेळणारा मागे राहतो, कारण उरलेल्या सहा स्पर्धांचे प्रवासभाडे त्याच्यापाशी नव्हते. क्रमवारी खालची म्हणून मानांकन नाही. मानांकन नाही म्हणून पहिल्याच फेरीत बलाढ्य प्रतिस्पर्धी समोर येण्याचा धोका.

कुमार टेनिसच्या जागतिक क्रमवारीत एकेरीचे सर्वोत्तम सहाच निकाल धरले जातात. त्यामुळे धावपळीला काहीसा आळा बसतो. परंतु 'जे 30' स्पर्धेच्या विजेत्याला 30, तर 'जे 500'च्या विजेत्याला 500 गुण मिळतात आणि मोठ्या स्पर्धेचा प्रवेश पुन्हा क्रमवारीवरच ठरतो. प्रौढ व्यावसायिक खेळाडू आपले वेळापत्रक स्वतः आखतो. शाळकरी मुलाचे वेळापत्रक परीक्षा आणि पालकांची मिळकत आखते. दोघांना एकच फूटपट्टी लावणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

पर्याय अन्य खेळांत उपलब्ध आहेत. बुद्धिबळाचे रेटिंग प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीवर ठरते. 2300 पेक्षा कमी रेटिंग असलेल्या 18 वर्षांखालील खेळाडूंसाठी त्यातील बदलाचा गुणक 40, तर 2400 खालील प्रस्थापित प्रौढांसाठी 20 असतो. त्यामुळे झपाट्याने सुधारणाऱ्या मुलाची प्रगती लवकर नोंदली जाते. जागतिक अ‍ॅथलेटिक्सने 2019 मध्ये आणलेली क्रमवारी बेरजेऐवजी सरासरीवर आधारलेली आहे.

सरासरीतही एक पळवाट आहे. एक-दोन विजय मिळवून घरी बसणाऱ्याला ती लाभदायक ठरू शकते. त्यासाठी किमान स्पर्धांची अट हवीच. मात्र कुमारांसाठी ती मोजकी असावी. त्याचबरोबर गुण देणाऱ्या काही स्पर्धा पालघर किंवा डहाणूत भरवल्या, तर प्रवासाचा भार थोडा तरी वाटला जाईल.

ऑगस्ट 2014 मध्ये पालघर जिल्हा स्वतंत्र झाला, तो प्रशासन आदिवासी भागाच्या जवळ यावे म्हणून. क्रीडा संघटनांनीही तेच अंतर तोडायला हवे. अन्यथा क्रमवारीच्या तक्त्यात तलासरीचे नाव नसण्याचा अर्थ तेथे खेळाडू नाहीत, असा लावला जाईल; आणि तो चुकीचा असेल.