बिभा आणि संतमस

गेल्या चैत्रांत आम्ही भोरहून वेल्ह्यास आप्तांकडे गेलों होतों. रात्रीं जेवणें उरकल्यावर सर्व मंडळी अंगणांत बसली. समोर तोरण्याचा काळा आकार आणि माथ्यावर मघा नक्षत्र. घरांतील चौदा वर्षांच्या मुलीनें विचारलें, "काका, ताऱ्यांना बायकांचीं नांवें कां नसतात?"

"नसतात कशीं?" आजी म्हणाल्या. "अरुंधती आहे, रोहिणी आहे."

"पण त्या कोणाच्या तरी बायका, आजी! स्वतःच्या कामामुळें कोणाचें नांव लागलें आहे का?"

मीं मघेच्या दक्षिणेस बोट दाखविलें. तेथें, षडंश तारकासमूहांत, बिभा नांवाचा तारा आहे. नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाहीं. लहान दुर्बीण हवी. तो सुमारे ३४० प्रकाशवर्षें दूर आहे; आज पोहोंचणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हां संभाजी महाराजांची कारकीर्द चालू होती.

२००६ सालीं त्याच्याभोंवतीं एक प्रचंड ग्रह सांपडला. तो कोणाच्या डोळ्यांस दिसला नाहीं. त्याच्या ओढीनें तारा किंचित् हेलकावतो आणि ताऱ्याच्या वर्णपटांतील रेषा मागेंपुढें सरकतात. त्यावरून ग्रह ओळखला. त्याचें वस्तुमान गुरूच्या सुमारें दीडपट. गुरूला सूर्याभोंवतीं फिरावयास जवळजवळ बारा वर्षें लागतात. हा दोन दिवस व सुमारें तीन तासांत प्रदक्षिणा पुरी करितो! २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या उपक्रमांत या जोडीच्या नामकरणाचा मान भारतास मिळाला. ग्रहाचें 'संतमस', म्हणजे अंधारानें झांकोळलेला, हें नांव पुण्याच्या एका विद्यार्थ्यानें सुचविलें.

तारा मात्र बिभा चौधुरी (१९१३–१९९१) यांच्या नांवाचा. देवेंद्रमोहन बोस यांच्यासह त्यांनीं उंच पर्वतावर छायाचित्रांच्या काचा ठेवून विश्वकिरणांतील नव्या कणांच्या खुणा शोधल्या. महायुद्धामुळें अधिक चांगल्या काचा मिळेनात, आणि काम अडलें. त्याच पद्धतीनें पुढें गेलेल्या पॉवेल यांस १९५० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील पहिल्या स्त्री-संशोधक बिभाबाईच. तरी त्यांचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें.

"जिवंतपणीं कळलें का हो तिला, ताऱ्याला नांव दिल्याचें?" आजींनीं विचारलें.

"नाहीं. अठ्ठावीस वर्षें उशीर झाला."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग नातीस म्हणाल्या, "पुढच्या खेपेस दुर्बीण आणवून घे. अरुंधती मी तुला दाखवीन. ही मला तूं दाखव."